तिसरी मात्रा

शोधनिबंधात एक वाक्य आहे, माझंच:
'तीनशे चाळीसपैकी दोनशे अकरा स्त्रियांचा पाठपुरावा तुटला.'
तुटला. जणू राजूच तो,
विहिरीच्या काठाला घासत घासत आपसूक तुटलेला.
बुलडोझर कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

त्याआधी मी डासांची.
कांदोळीला एका पडवीत रात्रभर
उल्हास गुडघ्यापर्यंत पँट दुमडून बसायचा,
मी बॅटरी धरायचे.
मादी बसली की काचेच्या नळीने अलगद ओढून घ्यायची,
चावायच्या आत. निदान नियम तसा होता.
"पळय दोतोर, फाटलें वयर करून बसल्या. ही आमची."
आमची! तेरा वर्षांत तीनदा ताप आला त्याला
पण शब्द बदलला नाही.
सकाळी घरमालकीण पेज वाढायची,
न मागता बोट पुढे करायची.
तापाला लाज नसते.

मग बायणा.
तीच सुई, तेवढंच रक्त,
आणि बोट कोणी पुढे करेना.
गरमी, परमा हे शब्द मी फॉर्ममधून खोडले
तरी ते आमच्या आधी येऊन
पलंगावर बसलेले असायचे.
नावं लिहायची नाहीत हे मीच ठरवलं. प्रत्येकीला आकडा.
एकशे सतरा हसली:
"बाई, नाव तर उतरल्या दिवशीच बदललं होतं.
हे एवढंच राहिलं होतं बघा."

तिला तीन इंजेक्शनं लिहिली, दर मंगळवारी एक.
दोन झाली.
तिसऱ्या मंगळवारी मी पोचले
तेव्हा तिचं दार कुलपासकट
वाळूवर आडवं पडलं होतं.
कुलूप नीट लावलेलं.
माझ्या पिशवीत कुपी.
संध्याकाळपर्यंत ती खांद्यावर घेऊन हिंडले,
मासळीवाल्यांना विचारत,
आकड्यावरून माणूस कसं विचारायचं ते कळेना.

निबंध छापून आला. परदेशातल्या एका सभागृहात
मी तक्ता क्रमांक चार दाखवला,
टाळ्या वाजल्या, चहाला बोलावलं.
परत आल्यावर पुन्हा डासच मागून घेतले.

आता पर्वरी. अकराव्या मजल्यावर
स्लॅबला पाणी पाजतात,
सिमेंटचे बांध घालून साचवलेलं, घोटाभर.
त्यात अळ्या, स्वल्पविरामांसारख्या.
उल्हास निवृत्त झाला, त्याची भाची वाकून पळीने पाणी उचलते
आणि मोजते. तिची मोजणी माझ्यापेक्षा बरी.
खाली पत्र्याच्या शेडमध्ये तापाची रांग:
गुलबर्गा, गुमला, बालासोर.
व्हायवॅक्स यकृतात झोपून राहतो,
महिनेच्या महिने, हे मी त्यांना सांगत होते,
मग एका दुपारी उठतो,
तेव्हा बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका.

रांगेतली एक स्वयंपाकीण, हाताला मसाल्याचा वास,
बोट पुढे करून माझ्याकडे पाहत राहिली.
थेंब काचेवर पसरला,
तरी बोट मागे घेईना.
"बाई," म्हणाली, "माझं तिसरं राहिलंय."

मी विचारायच्या आत
तिने आकडा सांगितला,
आडनाव सांगावं तसा.
सतरा वर्षं तिने तो सांभाळला होता,
मी फक्त छापला होता.

संपादकांना आता काय लिहू?
दोनशे अकरा नव्हे, दोनशे दहा?

मी नाव विचारलं. तिने सांगितलं.
ते इथे लिहीत नाही.
"पुन्हा तपासावं लागेल," मी म्हटलं,
"आणि लागलीच, तर पहिल्यापासून.
जुनी दोन धरत नाहीत."
तिने जुनी दोन कुठे गेली असतील ते पाहिल्यासारखं
जरा वर पाहिलं.
वरून स्लॅबचं पाणी ठिबकत होतं.
पाठीमागच्या पोराने रांग ढकलली,
कोणीतरी खोकलं, काचेवरचा थेंब सुकला.
ती बोटावर कापूस दाबत बाजूला झाली,
आणि जाता जाता:
"मंगळवारीच ना?"